बिराजदार साहेबांची दुसरी खुर्ची

आमच्या डाळ मिलच्या ऑफिसात बिराजदार साहेबांची केबिन ओळखायला पाटी वाचावी लागत नसे. ज्या खोलीत टेबलाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच खुर्च्या, ती त्यांची. बाकी सगळ्या केबिनींत टेबलाच्या आत उंच पाठीची, काळ्या रेक्झिनची, फिरती खुर्ची आणि बाहेर प्लॅस्टिकची. छोट्या शेठच्या केबिनीत तर पाहुण्यांसाठी इतका खोल सोफा होता, की त्यात बसलेल्या माणसाला शेठ हनुवटीपासून वरच दिसत. लातूरच्या एमआयडीसीत तोवर मी बऱ्याच ऑफिसांत कागद घेऊन गेलो होतो. माणसाचा हुद्दा खुर्चीच्या उंचीवरून मोजायची पद्धत सगळीकडे पाहिली होती. खुर्ची मुद्दाम खाली आणणारा माणूस एकच पाहिला.

त्यांनाही आल्या आल्या फिरती खुर्ची मिळाली होती. थोडे दिवस ते तीत अवघडून बसले आणि एका सकाळी त्यांनी ती हमालाच्या डोक्यावर देऊन स्टोअरला परत पाठवली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "उभ्या माणसाची चौकशी होत न्हाई, त्याला फक्त दरडावता येतं. आपल्यापेक्षा खाली बसलेल्याची बी तीच गत. आणि दरडावून केलेली चौकशी कोर्टात टिकत न्हाई. इरली, प्लॅस्टिकची चांगली. पाठ ताठ ऱ्हाते."

'इरली' म्हणजे कानडीत असू द्या. बिराजदार निलंग्याकडचे, कर्नाटकाच्या काठावरच्या गावातले. घरात कानडी, शाळेत मराठी आणि नोकरीत कायद्याची इंग्रजी, अशा तीन भाषा त्यांनी सांभाळल्या होत्या. पण मनातलं बोलायची वेळ आली की हा एकच शब्द वापरत. कुणी रडायला लागलं की इरली. कुणी त्यांच्यावर ओरडलं की इरली. कागदावर मात्र हा शब्द त्यांनी कधी येऊ दिला नाही. तिथं असू द्या म्हणून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना मिलमध्ये आणलं होतं मोठ्या शेठनी. आधी एका ड्रायव्हरला शेठनी रागाच्या भरात गेटवरूनच घालवून दिलं होतं. नोटीस नाही, चौकशी नाही. तो लेबर कोर्टात गेला, तारखांमागून तारखा पडल्या आणि अखेर मिल हरली. शेठना पैसे गेल्याचं फारसं वाटलं नाही. कोर्टात आपला मुनीम 'मला माहीत नाही' असं पुन्हा पुन्हा म्हणताना बघावं लागलं, ते मनाला लागलं. मग त्यांनी कायदा जाणणारा लेबर ऑफिसर शोधला. माणसं घेणं, रजा, भांडणं, ही त्याची रोजची कामं. खरं काम एकच, कुणाला काढायचं झालं तर असं काढायचं की उद्या कोर्टात मिलला मान खाली घालावी लागू नये. पुढे पाटीवर 'एचआर मॅनेजर' आलं, तरी बिराजदार शेवटपर्यंत स्वतःला लेबर ऑफिसरच म्हणत.

मी मिलचा पत्रव्यवहार सांभाळत असे. माझं अक्षर वाचता येण्यासारखं असल्यामुळे चौकशीत कोण काय म्हणालं ते उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे या माणसाला मी जवळून पाहिलं, आणि त्याच्याबद्दल माझं मत आजतागायत पक्कं झालं नाही. ते दयाळू होते की सावध, हा प्रश्न. त्यांना विचारला असता तर त्यांनी मलाच लेखी द्यायला सांगितलं असतं.

कारण दयेची भाषा ते कधी बोलत नसत. हमालांना पोती उतरवताना सावली नव्हती. बिराजदारांनी छोट्या शेठना सांगितलं, "साहेब, उन्हात कुणी चक्कर येऊन पडला तर जबाबदारी आपल्यावर येते. रिस्क आहे." पत्र्याची शेड झाली. निवडणीच्या बायांसाठी धड संडास नव्हता. "साहेब, तपासणी आली तर रिस्क आहे." संडास झाला. एका हमालाचा बाप वारला आणि त्याची रजा शिल्लक नव्हती. "साहेब, बिनरजेचा गेला तर कारवाई करावी लागेल, कारवाई केली तर रिस्क आहे. त्यापेक्षा रजा दिलेली बरी." रजा मिळाली. मोठ्या शेठना तळतळाट कळायचा, छोट्या शेठना रिस्क कळते, एवढं ओळखून या माणसाने दोन पिढ्यांकडून तेच काम करून घेतलं.

छोटे शेठ म्हणजे विशालशेठ. पुण्यात शिकून आलेले. मोठ्या शेठचे गुडघे गेले आणि ते घरी बसले, तेव्हा कारभार यांच्याकडे आला. आल्या आल्या त्यांनी सगळ्या कामगारांना गोडाउनमध्ये जमवून, माइक धरून सांगितलं की ही कंपनी नाही, ही फॅमिली आहे, आणि आजपासून मी सगळ्या ज्येष्ठांना काका, मावशी म्हणणार. टाळ्या झाल्या. समोसे वाटले गेले. नंतर केबिनीत बिराजदार त्यांना म्हणाले, "साहेब, भाषण छान झालं. फक्त ते फॅमिली तेवढं नका म्हणू."

"का हो काका?"

"फॅमिलीतून माणसाला काढता येत नाही. कंपनीतून येतं. कंपनीला नियम असतात, फॅमिलीला नुसते रुसवेफुगवे. उद्या कुणाला काढलं तर तो नोकरी गेली म्हणणार नाही, घरातून हाकललं म्हणेल. रिस्क आहे."

शेठ हसले. बिराजदार हसले नाहीत. ते गंभीरपणे बोलत होते.

माणसं त्यांनीही काढली. वजनकाट्यावरचा एक ऑपरेटर दारू पिऊन यायचा आणि भलतीच वजनं लिहायचा. त्याला समज दिली, नोटीस दिली, पुरी चौकशी केली आणि काढला. त्यात कुठे ढिलाई नाही. पण ज्या दिवशी पत्र हातात दिलं त्या दिवशी बिराजदार त्याच्याबरोबर उठले, गेटपर्यंत चालत गेले, त्याने सायकल काढेपर्यंत त्याचा डबा धरून उभे राहिले. काढलेल्या माणसाला सिक्युरिटीने बाहेर काढायचं नाही, मी सोडायला जाणार, असा त्यांचा नेम होता. मी म्हटलं, हे कुठल्या कायद्यात आहे? "कुठल्याच न्हाई," ते म्हणाले. "पण पाहुण्यासारखा गेलेला माणूस कोर्टात कमी जातो."

आणखी एक नेम होता. कामगाराकडून काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही. स्वतःचा चहा ते घरून थर्मासमध्ये आणत. कुणाचा मुलगा दहावी पास झाला, कुणाच्या घरी बारसं झालं, तर लोक पेढे घेऊन यायचे. बिराजदार दोन्ही हात टेबलाखाली घेत, पेढ्याकडे मनापासून बघत आणि म्हणत, "खाल्ला. गोड हाय. अभिनंदन." पेढा तसाच परत. "उद्या ह्याचीच चौकशी माझ्यासमोर आली तर?" असं मला म्हणाले होते. मला तेव्हा हा शिष्टपणा वाटला होता.

आता कमलबाईंबद्दल.

निवडणीच्या विभागात ज्या बाया डाळीतले खडे, फुटके, काळे दाणे वेचायच्या, त्यांत कमलबाई सगळ्यांत जुनी. किल्लारीकडची. भूकंपात घरदार गेलं आणि उरलेलं माणूस घेऊन ती लातूरला आली, तेव्हापासून आमच्याच मिलमध्ये. बोलायला कमी. डाळीवरून हात फिरवायची तेव्हा बोटं वाजत नसत, डाळ वाजायची.

आमच्याकडे येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, हा मोठा सण. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. पालेभाज्या-शेंगांची बेसन लावलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे. मिलही त्या दिवशी बंद. आणि मिलमध्ये एक जुनी रीत होती. येळवसेच्या आदल्या दिवशी, सुटी होताना, निवडणीची प्रत्येक बाई हरभऱ्याच्या डाळीची एक ओंजळ पदरात घ्यायची आणि गेटमधून निघायची. घरी जाऊन ती दळायची, त्या बेसनाची भज्जी व्हायची. कुणी हुकूम काढला नव्हता, कुणी मनाई केली नव्हती. पहिली ओंजळ कमलबाईची, मग बाकीच्यांची.

विशालशेठच्या कारभारातल्या पहिल्या येळवसेला ही रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी गेटवर हैदराबादकडची नवी सिक्युरिटी बसवली होती, कॅमेरे लावले होते, आणि 'कंपनीची कोणतीही वस्तू विनापरवानगी बाहेर नेणे हा गुन्हा आहे' असा बोर्ड लावला होता, इंग्रजीत. कमलबाई नेहमीप्रमाणे पुढे. रखवालदाराने पदर उघडायला सांगितला. डाळ दिसली. मागच्या बायांनी ते पाहिलं आणि एकेकीने मागे फिरून आपापली ओंजळ ढिगावर परत टाकली. कॅमेऱ्यात एकटी कमलबाई आली.

त्या वर्षी तिच्या घरी भज्जी झाली की नाही, मला माहीत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी तिला निलंबनाचं पत्र आणि चोरीचं आरोपपत्र मिळालं.

एका ओंजळीसाठी एवढं कशाला, असं ऑफिसात सगळ्यांना वाटलं. पण विशालशेठचा हिशोब वेगळा होता. डाळ निवडायचं नवीन यंत्र यायचं होतं. ते आलं की निवडणीच्या बाया गरजेपेक्षा जास्त होणार होत्या. जुनी बाई चोरीत गेली तर बाकीच्या आपण होऊन जातील. चौकशी अधिकारी म्हणून त्यांनी बिराजदारांचंच नाव घातलं. चित्रण होतं, डाळ होती, साक्षीदार होता. "काका, ही तर ओपन अँड शट केस आहे," ते म्हणाले. बिराजदार एवढंच म्हणाले, "चौकशी करतो साहेब."

चौकशीच्या दिवशी कमलबाई दाराशी उभी राहिली. बरोबर रुक्मिणबाई, तिच्या शेजारी बसून निवडणारी. बिराजदारांनी कमलबाईला दुसऱ्या खुर्चीत बसवलं, रुक्मिणबाईला माझ्या शेजारच्या बाकावर, आणि नेहमीचं भाषण केलं.

"कमलबाई, मी कंपनीचा माणूस हाय. तुम्हाला वाचवायला बसलो न्हाई. पण तुमचं ऐकल्याबिगर एक अक्षर लिहिणार न्हाई. आपला माणूस सोबत आणायचा तुम्हाला हक्क हाय. आणलाय का?"

"ही रुक्मिण हाय की."

"बरं. डाळ घेतली का?"

"घेतली."

कंपनीची बाजू मांडायला प्रॉडक्शन मॅनेजर आले होते. त्यांनी समाधानाने फाइल मिटली. बिराजदार म्हणाले, "उघडा ती. घेतली म्हणाल्या, चोरली म्हणाल्या न्हाईत. आरोपपत्रात चोरली लिहिलंय."

तेवढ्यात रुक्मिणबाईला राहवलं नाही. "साहेब, मी बी घेतली व्हती! हिला धरलं तशी मी ढिगावर टाकून दिली. समद्यांनी टाकली. ही येकटी म्होरं व्हती म्हणून..."

"रुक्मिणबाई!" बिराजदारांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी प्रथम ऐकला. "तुम्ही आज आरोपी न्हाईत, प्रतिनिधी हाव. प्रतिनिधी प्रश्न विचारतो, कबुली देत न्हाई." मग माझ्याकडे वळून, "ते लिहू नका. त्यांना अजून काम समजलेलं न्हाई."

"मला काय इचारावं ते कळंना गेलंय साहेब."

"घरी बसून ह्या मॅनेजर साहेबांना शिव्या घालता ना? तेच सांगायचं, पण प्रश्न करून."

न्यायाधीशाने आरोपीच्या वकिलाची शिकवणी घ्यावी, असा हा प्रकार. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी लिहीत राहिलो. रुक्मिणबाईने पदर सावरला, जरा विचार केला आणि मॅनेजरकडे तोंड केलं.

"मॅनेजर साहेब, मागल्या येळवसेला आदल्या दिशी तुमी गेटवर व्हता का न्हाई?"

"होतो."

"मग आमच्या पदरात काय व्हतं?"

"ते... मला कसं माहीत असणार?"

"माहीत कसं न्हाई? तुमीच म्हणला न्हवं, रुक्मिणबाई, भज्जी पाठवा म्हणून?"

मॅनेजर भला माणूस होता. त्याने कपाळ पुसलं आणि खाली बघून म्हणाला, "भज्जी आली होती."

"लिहा," बिराजदार मला म्हणाले. "भज्जी आली होती."

एवढ्याने भागणार नव्हतं. मॅनेजरला मालकाच्या वतीने परवानगी देता येत नाही. रीत होती का, हे मालकच सांगू शकत होता. बिराजदारांनी रुक्मिणबाईला शांतपणे सांगितलं की तुम्हाला साक्षीदार बोलवायचा हक्क आहे, मग तो कुणीही असो. तिने कमलबाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मोठ्या शेठला बलवा."

त्या दुपारी विशालशेठनी बिराजदारांना बोलावलं. मी कागद घेऊन मागे उभा होतो. बिराजदार सोफ्यात बसले नाहीत.

"माझ्या वडिलांना तुम्ही साक्षीला बोलावणार? बायकांच्या सांगण्यावरून?"

"विनंती करणार, साहेब."

"काका, तुमचा पगार कोण देतं?"

"कंपनी. म्हणूनच सांगतो. आपण तिला काढलं तर ती लेबर कोर्टात जाईल. तिथला वकील पहिलं नाव मोठ्या शेठचंच घेईल. तिथं त्यांना गुडघे घेऊन उभं राहावं लागेल. इथं खुर्ची आहे. आणि वर्षानुवर्षं चाललेली सवलत नोटीस दिल्याशिवाय बंद करता येत नाही. आपण नोटीस दिली नाही, नुसता बोर्ड लावला. तोही इंग्रजीत. रिस्क आहे."

विशालशेठनी बराच वेळ मोबाइल उलटसुलट केला. मग म्हणाले, "मिटवून टाका. तिला चांगली रक्कम द्या, राजीनामा घ्या. चोरीचं आपण काही बोलणार नाही."

हा प्रस्ताव बिराजदारांनी जसाच्या तसा कमलबाईपुढे ठेवला. भर घातली नाही, काही काढूनही घेतलं नाही. घ्या म्हणाले नाहीत, घेऊ नका म्हणाले नाहीत. तो त्यांचा धर्म होता, आणि त्या वेळी मला त्यांचा रागही आला होता.

कमलबाईने सगळं ऐकलं. "साहेब, घरी नातसून आलीय नवी. तिला काय सांगू? चोरी केली, त्येचे पैसे भेटले?" तिने हात मांडीवर ठेवले. "काम काय, एक दिस सुटणारच हाय. डोळे जायला लागलेत. पर चोर म्हणून न्हाई सुटायचं."

बिराजदार म्हणाले, "इरली." थर्मासचं झाकण उघडून त्यांनी चहा ओतला आणि न पिताच थर्मास परत बंद केला.

मोठे शेठ आले ते गाडीतून, दोघांच्या आधाराने. विशालशेठ मागून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बिराजदारांनी आपली खुर्ची मोठ्या शेठना दिली आणि स्वतः बाकावर माझ्याशेजारी बसले. टेबलाच्या दोन बाजूंना सारख्या खुर्च्यांत मिलचा मालक आणि निलंबित कामगार समोरासमोर आले. शेठ खुर्चीच्या दांड्यांवर हात फिरवत म्हणाले, "बिराजदार, एवढ्या वर्षांत मी तुमच्या खोलीत पहिल्यांदा बसतोय." मग समोर बघून, "काय कमल, केस पिकले की तुझे."

"तुमचे तर गेलेच की शेठ."

रुक्मिणबाई उभी राहिली. बिराजदारांनी हाताने खूण केली, ती बसली. बसून तिने विचारलं, "शेठ, येळवसेची डाळ तुमी आमाला देत व्हता का न्हाई?"

मोठ्या शेठनी मुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही. मी देत नव्हतो."

माझं पेन थांबलं. रुक्मिणबाईचा चेहरा उतरला. कमलबाई मात्र शेठकडे तशीच बघत राहिली.

"ह्या घेत होत्या," शेठ पुढे म्हणाले. "पहिल्या वर्षी हिला मी पाहिलं. नवीनच आली होती किल्लारीहून. हिने ओंजळ भरली. ओरडणार होतो. तर हिने वरची सांडायला आलेली डाळ बोटाने सारखी केली, जास्तीची ढिगावर परत टाकली, आणि मग पदरात घेतली. मग माझ्याच्याने ओरडवेना. पुढच्या वर्षापासून त्या दिवशी मी मुद्दाम गेटवर यायचो आणि सगळ्या जाईपर्यंत दुसरीकडे बघत उभा राहायचो. दरवर्षी. ह्या विशालला नाही सांगितलं, ती चूक माझी. असल्या गोष्टी सांगायच्या असतात हे ध्यानात आलं नाही."

मी विचारलं, "साहेब, काय लिहू?"

बिराजदारांनी चष्मा काढून पुसला. "लिहा. येळवसेच्या आदल्या दिवशी मालक दरवर्षी गेटवर येत आणि दुसरीकडे बघत असत." मग प्रॉडक्शन मॅनेजरकडे वळून, अगदी कोरड्या आवाजात, "ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, दरवर्षी दुसरीकडे बघणं ही परवानगी असते. कंपनीला यावर काही विचारायचं आहे का?"

मॅनेजरने नकारार्थी मान हलवली. विशालशेठ बाहेर गेले होते.

आरोप सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष बिराजदारांनी दिला. विशालशेठनी सगळे कागद पुण्याच्या वकिलांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं की चौकशी इतकी नीट झाली आहे की आता काही करता येणार नाही. आमच्या मिलच्या इतिहासात वकिलाने केलेलं हे एकमेव कौतुक. कमलबाई कामावर परत आली. निलंबनाचे दिवस कामाचे धरले गेले. पहिल्या दिवशी ती डाळीपुढे बसली तेव्हा रुक्मिणबाईने तिच्यापुढे मुद्दाम खड्यांचा ढीग सरकवला. "लई आराम झाला, निवड आता!"

आणि बिराजदारांना बढती मिळाली. शेठच्या घराण्याची भोकरला कापसाची जिनिंग मिल होती. तिथले एचआर प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. गोडाउनमध्ये निरोपसमारंभ झाला. विशालशेठनी माइक धरून सांगितलं की बिराजदार काका कुठेही गेले तरी ते आपल्या फॅमिलीतच आहेत. मोठा गुच्छ दिला. बिराजदारांनी तो घेतला, कारण देणारा कामगार नव्हता. बायांनी एक शाल आणली होती. त्यांनी हात मागे घेतले आणि म्हणाले, "पांघरली. उबदार हाय." शाल परत.

ते गेटकडे निघाले तशी कमलबाई निवडणी सोडून त्यांच्याबरोबर चालायला लागली.

"कुठं निघालात? सुटी झाली न्हाई अजून."

"सोडाया आले. काढलेल्या माणसाला गेटपातुर सोडायची तुमची रीत हाय न्हवं?"

"मला काढलं न्हाई, कमलबाई. बढती दिलीय."

"हाव," ती म्हणाली. "माहीत हाय." आणि गेटपर्यंत गेली.

पुढच्या येळवसेला आदल्या दिवशी गोडाउनमध्ये मंडप पडला. 'येळवस किट' नावाची पाकिटं छापून आली होती, वर विशालशेठचा हात जोडलेला फोटो. आत हरभरा डाळ, मोजून. एकेक बाई पुढे जायची, पाकीट घ्यायची, फोटोग्राफरकडे बघायची, सही करायची. रिस्क उरली नव्हती. मोठे शेठ घरीच होते. या खेपेला दुसरीकडे बघायची गरज नव्हती.

मला त्याच आठवड्यात कंपनीच्या कामासाठी भोकरला जायचं होतं. हे कळल्यावर कमलबाई ऑफिसच्या दाराशी आली. हातात फडक्याची पुरचुंडी. पाकीट फोडून तिने डाळ फडक्यात बांधली होती. फोटोवालं पाकीट टाकून दिलं होतं. "बिराजदार साहेबाला द्या. तिकडं येळवस न्हाई करत म्हणत्यात."

मी म्हटलं, "ते घेणार नाहीत, कमलबाई."

"तुमी द्या तर."

अहमदपूर, नांदेड असं करत बस दुपारी भोकरला पोचली. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग, हवेत तंतू. बिराजदारांची खोली मी विचारली नाही. दार उघडं होतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना सारख्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एका खुर्चीत ते, दुसऱ्या खुर्चीत डोक्यावर कापूस बसलेला एक हमाल. त्याचं संपेपर्यंत मी बाहेर थांबलो. हमाल गेल्यावर मी त्याच्या खुर्चीत बसलो. केसांवर थोडा कापूस बिराजदारांच्याही होता. तो पिकलेला होता की बसलेला, ते सांगता येत नव्हतं.

कामाचं बोलून झालं. मी पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि आत काय आहे, कुणाची आहे ते सांगितलं. त्यांचे दोन्ही हात सवयीने टेबलाखाली गेले.

"ही गेटमधून बाहेर कशी आली?"

"पाकिटातून. सहीनिशी. परवानगीची आहे."

"हूं." त्यांनी पुरचुंडीकडे पाहिलं, पेढ्याकडे बघत तसंच. मला वाटलं, आता म्हणतील, खाल्ली, छान हाय.

"कमलबाईची कुठली केस चालू आहे का?"

"नाही."

"कसली तक्रार, अर्ज, काही?"

"काही नाही साहेब. येत्या उन्हाळ्यात ती काम सोडणार आहे. डोळ्यांमुळं. स्वतःहून."

"म्हणजे माझ्यापुढं ती परत कधी यायची न्हाई."

"नाही."

ते थोडा वेळ खिडकीतून कापसाच्या ढिगाकडे बघत राहिले. मग टेबलाखालचे हात वर आले. मी पुरचुंडीची गाठ सोडायला लागलो, ती घट्ट होती, सुटेना. बिराजदार साहेब समोरच्या, माझ्याच उंचीच्या खुर्चीत, दोन्ही हातांची ओंजळ करून थांबले होते.